जात्यापाशी घडणारे नाट्य : मुळशीच्या ओव्या आणि कर्तृत्वाचा प्रश्न

नाटकातील संवादभाषेविषयी वर्गात बोलत असताना एका विद्यार्थिनीने प्रश्न केला की, मराठीतील पहिली स्त्री-नाटककार कोण? अशा प्रश्नाचे उत्तर अध्यापकाच्या ओठांवर तयारच असते. कलावंतिणीच्या घराण्यात जन्मून 'जयद्रथ विडंबन' (१९०४) लिहिणाऱ्या आणि जिचे 'दामिनी' हे नाटक ललितकलादर्श मंडळीने १९१२ साली रंगभूमीवर आणले त्या हिराबाई पेडणेकरांचे नाव मी सांगितले. विद्यार्थिनीचे समाधान झाले नाही. तिचा पुढचा प्रश्न असा होता : "त्यापूर्वी, शाळेचे तोंड न पाहिलेली, हातावर पोट असलेली एखादी बाई नाटक रचत नव्हती का?" मी "नाही" असे उत्तर दिले व तास संपवला. ते उत्तर घाईचे होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

ही दुरुस्ती करण्यापूर्वी मुळात ते उत्तर मला इतके सहज का सुचले, हे पाहणे इष्ट आहे. श्रमिक स्त्री नाटककार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जी आकृती उभी राहते ती बहुधा इंग्रजी वाङ्मयेतिहासाने पुरविलेली असते. तिचा उत्तम नमुना म्हणजे ब्रिस्टलची गवळण अ‍ॅन यर्स्ली (१७५३–१८०६). आई दूध विकी, तोच धंदा मुलीने चालवला. शाळा नाही, अक्षरओळख घरीच झाली. १७८३–८४ च्या हिवाळ्यात हे कुटुंब उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचले होते. हॅना मोर या तत्कालीन प्रतिष्ठित लेखिकेच्या स्वयंपाकघरातील खरकटे पाणी डुकरांसाठी नेण्याकरिता यर्स्ली तेथे जात असे, आणि ही बाई पद्यरचना करते ही वार्ता मोरबाईंच्या स्वयंपाकिणीकडून मालकिणीच्या कानी गेली. पुढे एक हजाराहून अधिक आगाऊ वर्गणीदार मिळवून १७८५ साली तिचा पहिला कवितासंग्रह निघाला. मोरबाईंनी त्यातील शुद्धलेखन, व्याकरण व विरामचिन्हे सुधारली आणि जमलेले पैसे विश्वस्तनिधीत ठेवून त्यावरील अधिकार स्वतःकडे व आपल्या मैत्रिणीकडे ठेवला. कवयित्रीने आपल्याच कमाईवर हक्क मागितला, तेव्हा ती कृतघ्न ठरली. या भांडणाची आपली बाजू यर्स्लीने १७८६ मध्ये स्वतः छापून लोकांपुढे मांडली. १७८९ मध्ये तिचे 'अर्ल गॉडविन' हे ऐतिहासिक नाटक ब्रिस्टल व बाथ येथे रंगभूमीवर आले आणि १७९१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. उत्तरायुष्यात तिने फिरते वाचनालय चालविले व एक कादंबरीही लिहिली.

यर्स्लीचे चरित्र हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. तथापि ते आपल्याला ज्ञात का आहे, याचा विचार केला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. वर्गणीदारांची यादी, दुरुस्त केलेली मुद्रिते, विश्वस्तनिधीचा दस्तऐवज, छापील खुलासा, नाट्यगृहातील प्रयोग अशी कागदांची एक साखळी तिच्यामागे आहे. या साखळीच्या पहिल्या कडीपाशी जर मोरबाईंची स्वयंपाकीण बोलली नसती, तर ती गवळण नाटककार झाली नसती असे नव्हे. ती नाटककार होती हे आपल्याला कळले नसते, इतकेच. 'होणे' आणि 'कळणे' या दोन क्रियापदांची गल्लत माझ्या वर्गातील उत्तरात झाली होती.

मराठीत या चरित्राच्या जवळ जाणारी पहिली व्यक्ती कोण, याचे उत्तर मात्र कोणाही मराठी वाचकाला शोधावे लागणार नाही. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबात दळणकांडण, शेणगोठा, धुणी करीत राहिली. परंपरेने तिचा समाधिकाल शके १२७२ (इ. स. १३५०) असा दिला जातो. नामदेवाच्या गाथेत तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आढळतात, शिवाय हरिश्चंद्राख्यानासारखी आख्यानकवनेही तिची मानली जातात. या रचनांची हस्तलिखिते तिच्या काळाहून पुष्कळ उत्तरकालीन आहेत. सबब त्यांपैकी कोणती ओळ त्या व्यक्तीची आणि कोणती पुढच्या गायकांची, हे सांगण्याचा हट्ट सोडून द्यावा हे बरे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी मात्र निर्विवाद आहेत.

पहिली तिच्या मुद्रिकेची. 'नामयाची दासी जनी' ही ती मुद्रिका. संतांच्या मुद्रिकांत कवीचे नाव, गुरूचे नाव, क्वचित जातीचा उल्लेख असतो. जनीच्या मुद्रिकेत धन्याचे नाव आधी येते, तेही षष्ठी विभक्तीत. मग तिचा हुद्दा येतो आणि सरतेशेवटी तिचे स्वतःचे नाव. ही रचना दैन्याची आहे, असे पुष्कळांनी म्हटले आहे. पण व्याकरणदृष्ट्या पाहिले तर या तीन शब्दांच्या गटातील प्रधान पद 'जनी' हेच आहे, उरलेली दोन्ही विशेषणस्थानी आहेत. ज्या समाजात मोलकरणीचे नाव कोणी लिहून ठेवीत नाही तेथे धन्याच्या नावाचे ठिगळ लावून का होईना, आपले नाव ओळीच्या शेवटी रोवण्याची ही युक्ती आहे. दुसरी गोष्ट तिच्या अभंगांतील बोलण्याची. जनीचा विठ्ठल तिच्याशी बोलतो, तिच्यासंगे दळतो, ती त्याच्यावर रुसते, त्याला एकेरीत हाक मारते, प्रसंगी शिव्याही घालते. अर्थात अभंगामध्ये दोन पात्रे आहेत आणि त्यांच्यामध्ये जाते आहे. मंच म्हणून जाते वापरणारी ही रचना जनीने शून्यातून निर्माण केली असे मानण्याचे कारण नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे जनीच्या जन्मापूर्वी शतकभर तरी ही गोष्ट दरबारी पंडितालाही ठाऊक असण्याइतकी रूढ झाली होती. जनी ही त्या अनाम परंपरेतील नाव राहिलेली एक बाई, असे म्हणणे अधिक युक्त होय.

ही परंपरा अगदी अलीकडच्या काळापर्यंत कोठे व कशी टिकली, याचा सर्वांत विपुल पुरावा पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात मिळतो. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघाले की माले हे गाव लागते आणि तेथून पुढे मुळशी धरणाच्या पाण्याचा विस्तार सुरू होतो. भात, नाचणी आणि वरईचा हा मावळ मुलूख. या पाण्याखाली गेलेल्या भातखाचरांसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात झालेला सत्याग्रह इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना मात्र याच डोंगरपट्ट्याचा परिचय त्याच्या ओव्यांमुळे व्हावयास हवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघा अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात येथील गरीब डोंगरी संघटनेच्या स्त्री-कार्यकर्त्यांच्या साहाय्याने जात्यावरील ओव्या टिपण्यास आरंभ केला. काम मुळशीत सुरू झाले व पुढे महाराष्ट्रभर पसरले. एक हजाराहून अधिक खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहात जमा झाल्या. १९९० नंतरच्या दशकात संगीत व संगणक या दोन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्या बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांपैकी काही ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले आणि २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयामार्फत सर्वांस खुला होत गेला. पूर्वीच्या संग्राहकांचे, विशेषतः साने गुरुजी व सरोजिनी बाबर यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, प्रत्येक ओवीपाशी ती म्हणणाऱ्या बाईचे नाव व गाव लिहिण्याचा हा नियम आपल्याकडील लोकवाङ्मयसंग्रहाच्या इतिहासात इतक्या मोठ्या प्रमाणावर पूर्वी पाळला गेलेला नाही. कोळवड्याच्या ताराबाई उभे, नांदगावच्या कुसुम सोनवणे ही नावे या संग्रहामुळेच वाचकांपर्यंत पोहोचली.

आता या ओव्यांना नाट्य कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? केवळ भावनेचा आवेग आहे म्हणून नव्हे. तेवढ्याने ते भावगीत होईल. आपल्या नाट्यशास्त्रात याला एक जुना आधार आहे. दशरूपकांपैकी 'भाण' या प्रकारात रंगभूमीवर एकच पात्र असते. समोर नसलेल्या माणसांना उद्देशून ते बोलते, त्यांची उत्तरे ऐकल्याचा अभिनय करते आणि ती उत्तरे आपल्याच तोंडाने पुन्हा उच्चारते. याला 'आकाशभाषित' म्हणतात. म्हणजे नाटक होण्यास अनेक नट लागत नाहीत, अनेक बोलणारे लागतात. आणि ते सर्व एका मुखातून बोलू शकतात, हे संस्कृत नाट्यमीमांसकांनी केव्हाच मान्य केले आहे. भाणातील नायक हा विट, नगरातील रसिक पुरुष. त्याच्या जागी पहाटे नाचणी दळणारी सून बसवली तर शास्त्राचे काही बिघडत नाही.

जात्यावरच्या ओवीत बोलणारे कोण आणि ऐकणारे कोण, हे ठरविण्याची भाषिक साधने पाहण्यासारखी आहेत. लिखित मराठीत दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करताना 'की', 'असे', 'म्हणून' यांसारख्या शब्दांचा आधार घ्यावा लागतो. ओवी दोन ओळींची. तेवढ्या जागेत असे जोडशब्द परवडत नाहीत. 'बोलती', 'सांगती', 'पुसती' असे एखादे क्रियापद कधी येते, पण पुष्कळदा तेही नसते. तरीही ऐकणाऱ्या बाईला पात्र बदलल्याचे क्षणात कळते. कसे? प्रथमतः संबोधनावरून. 'बया' म्हटले की समोर आई आहे, 'मैना' म्हटले की लेक, 'बंधू' म्हटले की माहेरचा मुराळी. पतीचे नाव घेणे रूढीला अमान्य असल्यामुळे त्याच्या जागी 'चुडा' हा शब्द येतो : हातातील बांगडी हाच नवरा. दुसरे साधन सर्वनामाचे. आईला 'तू', देवाला 'तू', जात्याला 'तू', सासूला 'तुम्ही'. एका ओवीत 'तू' आणि पुढच्या ओवीत 'तुम्ही' आले की उंबरठा ओलांडून माहेरचे पात्र गेले व सासरचे आले असे समजावे. तिसरे साधन क्रियापदाच्या लिंगाचे. वर्तमानकाळी 'सांगते' आणि 'सांगतो' यांतून बोलणारा कोण हे उघड होते. सकर्मक भूतकाळात मात्र 'मी सांगितले' असे म्हटले की वक्त्याचे लिंग लोपते, कारण तेथे क्रियापद कर्माच्या मागे जाते. संवाद वर्तमानकाळात ठेवण्याकडे ओवीचा जो कल दिसतो त्याचे एक कारण येथे असावे. शैलीकारांनी त्याला 'जिवंतपणा' म्हटले आहे. मला तो पात्र ओळखू येण्याचा सोपा उपाय वाटतो. दोन्ही म्हणणी खरी असण्यास हरकत नाही.

यांहून महत्त्वाची गोष्ट संबोधित आणि श्रोता या दोघांमधील भेदाची आहे. दळणारी जिच्याशी बोलते ती व्यक्ती आणि ते बोलणे जिच्या कानी जावे अशी तिची इच्छा आहे ती व्यक्ती, या दोन असू शकतात. आपल्या भाषेने हा भेद एका म्हणीत नोंदवून ठेवला आहे : 'लेकी बोले सुने लागे'. ही म्हण सासूच्या कौशल्याची आहे. लेकीला टाकून बोलायचे व ते सुनेला झोंबवायचे. जात्यापाशी हाच डाव उलटा खेळला जातो. रात्र सरत आलेली आहे, घर झोपलेले किंवा झोपेचे सोंग घेतलेले आहे, सून खुंट्याला हात घालून मूठमूठ धान्य वैरते आहे आणि जात्याला ईश्वर मानून त्याला आपली कहाणी सांगते आहे. जाते ऐकत नाही हे तिला ठाऊक आहे. भिंतीपलीकडची सासू ऐकते, हेही ठाऊक आहे. सासूला मात्र उत्तर देण्याची सोय नाही, कारण तिला कोणी काही बोललेलेच नाही. सून देवाशी बोलत होती! तोंडावर बोललेला एक शब्द ज्या घरात अनर्थ करील, तेथे शंभर ओव्या निर्वेधपणे गायिल्या जातात, याचे रहस्य या संबोधनाच्या योजनेत आहे. संस्कृत नाटकात 'जनान्तिक' नावाचा संकेत आहे. पात्र हाताची विशिष्ट मुद्रा करून असे बोलते की प्रेक्षकांनी ऐकावे, पण रंगभूमीवरच्या काही पात्रांनी ऐकले नाही असे समजावे. तेथे 'ऐकले नाही' हे सोंग नटाचे असते. येथे ते सासूलाच घ्यावे लागते. प्रेक्षकाला नाटकात ओढून त्याच्याकडून एक भूमिका करवून घेणारी ही रचना आहे आणि ती कोणा एकीला सुचली असेल यावर माझा विश्वास आहे, मग तिचे नाव आपल्याला ठाऊक असो वा नसो.

बऱ्याचदा जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. जावा असतील, नणंद-भावजय असतील, शेजारणी असतील. एक ओळ उचलते, दुसरी तिला साथ देते. मध्ये 'गं', 'बाई' यांसारखे पूरक शब्द येतात, ओळीचा तुकडा पुन्हा म्हटला जातो, कधी अर्ध्यावर तोडून ठेवला जातो. कागदावर उतरवलेल्या दोन ओळी वाचताना हे काहीच दिसत नाही. दळणाची लय आणि गाण्याची लय यांचा मेळ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे; त्यात येथे शिरत नाही.

या नाट्याचे कथानक कोणते, असे विचारले तर उत्तर एका नावात देता येईल : सीता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' करून मराठी रंगभूमीचा पाया घातला, असे आपण शिकवतो. मुळशीच्या ओव्यांतील सीतेची कथा स्वयंवरानंतर, म्हणजे सासरी आल्यानंतर सुरू होते. वाल्मीकीच्या रामायणात ज्या प्रसंगाला जागा नाही तो येथे प्रधान आहे. कैकेयी ही सासू. ती सुनेला रावणाचे चित्र काढावयास सांगते. सीतेने परपुरुष म्हणून त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलेले नाही. तिला दिसला तो त्याच्या पायाचा अंगठा, आणि तेवढाच ती रेखाटते. उरलेले चित्र कैकेयी पुरे करते व ते रामाला दाखवते. पुढे वनवास. अरण्यात गर्भिणी सीतेपाशी कोणी बाईमाणूस नाही, म्हणून बोरी-बाभळी तिच्या सया होतात, तिची समजूत घालतात, तिच्या बाळंतपणाला सोबत करतात. ही कथा अन्य प्रदेशांतील स्त्रीगीतांतही वेगवेगळ्या रूपांत सापडते, तेव्हा ती मुळशीचीच असा दावा करण्याचे प्रयोजन नाही. मुळशीच्या बायांनी तिचे काय केले, हे पाहावयाचे. त्यांनी कथा सांगितलेली नाही, ती गृहीत धरली. निवेदनाच्या ओव्या थोड्या, बोलण्याच्या पुष्कळ. सीता रामाशी बोलते, बाभळीशी बोलते, आपल्या लेकरांशी बोलते, आणि बोलता बोलता केव्हा दळणारी बाई स्वतःच्या आईशी बोलू लागली हे सर्वनामाखेरीज दुसऱ्या कशानेही कळत नाही. रामाच्या घरातील अन्याय हा सर्वांना मान्य असलेला विषय आहे. सासूबद्दल बोलणे पाप, कैकेयीबद्दल बोलणे पुण्य. ज्या स्त्रीला स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्यास कोणतेही न्यायासन नव्हते तिने एका राणीची फिर्याद चालविण्यास घेतली आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आपण उभी राहिली.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. या ओव्या परंपरेने आलेल्या आहेत. बाया त्या पाठ म्हणतात. मग रचनाकार कोण आणि नाटककार कोणाला म्हणावयाचे? आक्षेप सहज उडवून लावण्याजोगा नाही. तोंडी परंपरेत ठरीव शब्दबंध असतात, ओळीचे ठरीव अर्धे असतात, यमकांच्या ठरीव जोड्या असतात. पण ठरीव घटकांतून नवी रचना करणे म्हणजे पाठांतर नव्हे, हे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आल्बर्ट लॉर्ड यांच्या ग्रंथापासून सर्वमान्य झाले आहे. लॉर्ड व त्यांचे गुरू मिलमन पॅरी यांना १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात भेटलेला अवदो मेजेदोविच हा निरक्षर शेतकरी बारा हजारांहून अधिक ओळींचे काव्य तोंडी सांगू शकत असे. त्याला होमरच्या पंक्तीस बसविण्यात विद्वानांना संकोच वाटला नाही. त्याच मोहिमेत स्त्रियांची गीतेही फार मोठ्या संख्येने मिळाली होती. त्या गायिकांपैकी एकीचेही नाव आमच्या अभ्यासक्रमात कोणी घेत नाही.

पाठांतर की रचना, या वादाचा निकाल लावणारा पुरावा आपल्याच ओव्यांत आहे. बीड-परभणीकडील दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर व रमाबाईंवर गायिलेल्या ओव्या या संग्रहात आहेत. मोटार, आगगाडी, गिरणी यांचेही उल्लेख ओव्यांतून येतात. बाबासाहेबांवरील ओवी १९२० पूर्वीची असू शकत नाही आणि बौद्ध धर्माच्या स्वीकाराचा निर्देश करणारी ओवी १९५६ च्या अलीकडचीच असली पाहिजे. म्हणजे ज्या पिढीने ती गायिली तिने अथवा तिच्या आईने ती रचली. परंपरा म्हणून ज्याला आपण एक अखंड, अनाम, आपोआप वाहणारी वस्तू समजतो तिच्यात तारीख लावता येण्याजोगी निर्मिती आहे. आणि निर्मिती आहे तेथे कर्ती आहे. 'लोकांनी रचले' हे विधान व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण भाषेचा अभ्यासक या नात्याने मला ते कधी पटलेले नाही. लोक वाक्य उच्चारीत नाहीत. प्रत्येक वाक्य कोणी तरी एक माणूस प्रथम उच्चारतो.

आमच्या पाठ्यपुस्तकांत अशा रचनेखाली 'पारंपरिक' असे छापतात. ग्रंथालयाच्या सूचिपत्रावर लेखकाचा रकाना कोरा राहतो. अ‍ॅन यर्स्लीच्या ओळी दुरुस्त करून तिचे पैसे अडकवून ठेवणाऱ्या मोरबाईंचा आपल्याला राग येतो. तथापि तिने निदान मुखपृष्ठावरील नाव खोडले नव्हते.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो आणि तो विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. गावोगावी विजेची पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले, आणि ओवीचा दैनंदिन प्रसंग संपला. १९९० नंतर ज्या स्त्रियांचे ध्वनिमुद्रण झाले त्यांपैकी अनेकींना ओव्या आठवाव्या लागल्या. दळताना त्या आपोआप येत असत. यापुढे जे संशोधन होईल ते बव्हंशी संग्रहित सामग्रीवरच होईल. त्यामुळे नोंदीतील प्रत्येक तपशिलाला पुराव्याचे मोल येणार आहे. त्यांपैकी एका तपशिलासंबंधी सावध राहिले पाहिजे. ओवीपुढे बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. नाव लग्नानंतरचे आणि गाव सासरचे. बोलीचा नकाशा काढणारा अभ्यासक ही ओवी मुळशीची, ही मावळची, ही भोरची अशी विभागणी गावावरून करू पाहील व फसेल. कारण मुलगी ओवी शिकते ती आईच्या मांडीला टेकून, आईच्या जात्यापाशी. लग्न होऊन ती दोन डोंगर ओलांडून येते तेव्हा तिच्यासोबत माहेरचे शब्द, माहेरचे उच्चार आणि माहेरची यमके येतात. सासरच्या जात्यावर ती जावेसमवेत बसते, तेव्हा दोन गावांच्या बोली एका ओवीत मिसळतात. मालेतील एखाद्या घरी ऐकलेल्या ओवीत घाटाखालच्या कोकणी बोलीचा प्रत्यय आढळला तर तो मालेच्या बोलीचा विशेष समजण्यापूर्वी त्या बाईला तिचे माहेर विचारावे, तिच्या आईचे माहेरही विचारावे, आणि नोंदवहीत गावाच्या रकान्यालगत त्या दोन्ही गावांसाठी जागा आखून ठेवावी.